डोक्याला चुंबक लावून मन बरं होतं का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत जिल्हा मानसिक आरोग्य पथकातल्या समाजसेविका ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांनी मागणी केली म्हणून ते या अंकात देत आहोत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

 

आज मी खरं तर दुसऱ्याच विषयावर बोलणार होते. पण मागच्या सभेत कर्जाच्या अर्जांत एक अर्ज असा आला की त्यावर तासभर चर्चा झाली, आणि शेवटी इतिवृत्तात ‘माहिती घेऊन पुढे ठरवू’ एवढंच लिहिलं गेलं. एका ताईंना सुनेच्या उपचारासाठी ९० हजार रुपये हवे आहेत. सून दीड वर्षापासून गप्प गप्प असते. जेवत नाही, झोप नाही, लेकराकडे लक्ष नाही. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की डोक्याला चुंबकाचा उपचार करू, ३० बैठका लागतील, एका बैठकीचे तीन हजार. त्या ताईंच्या परवानगीने मी हे बोलते आहे. नाव कुणी विचारू नका, आणि ओळखलं असेल तर बाहेर बोलू नका.

त्या सभेत एक जण म्हणाली, ही लूट आहे, भोंदूगिरी आहे. दुसरी म्हणाली, नाही, माझ्या भाच्याने मोबाईलवर पाहिलंय, परदेशात हेच करतात. माझं म्हणणं असं की दोघींनाही थोडं थांबवू या. हा उपचार खरा आहे. पण ‘खरा आहे’ म्हणजे ‘तुमच्या सुनेला आज हाच हवा’ असं होत नाही. मधलं अंतर बरंच आहे, आणि तेच आज समजून घेऊ.

आधी हे यंत्र काय करतं ते. सायकलचा डायनॅमो आठवतो ना? चाक फिरलं की आतलं चुंबक फिरतं, शेजारच्या तारेत वीज तयार होते आणि दिवा लागतो. हलतं चुंबक शेजारच्या तारेत वीज निर्माण करतं हे इंग्लंडच्या मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलं. आता तारेच्या जागी मेंदू धरा. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विजेनेच बोलतात. तारेचं वेटोळं डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला की त्याचं चुंबकत्व कवटीतून आरपार जातं आणि खालच्या पेशींमध्ये किंचित वीज तयार होते. हाड फोडायला नको, भूल द्यायला नको. १९८५ साली इंग्लंडमधल्याच शेफील्ड गावात अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं यंत्र करून दाखवलं. डोक्यावर ठराविक जागी वेटोळं धरलं की माणसाचा हात आपोआप उडायचा.

आजही उपचाराची सुरुवात तशीच होते. आधी बोट कधी उडतं ते बघतात, त्यावरून त्या माणसाला किती जोर लागेल ते ठरवतात. मग वेटोळं डाव्या कपाळाच्या वर, थोडं मागे नेतात. उदासीनतेच्या आजारात मेंदूचा हा भाग मंद चालतो असं दिसतं, म्हणून तो जागा करायचा. माणूस खुर्चीत जागाच असतो. टक्‌ टक्‌ टक्‌ आवाज येतो, डोक्यावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जायचं. कानातले, नथ, केसातल्या पिना काढून ठेवायच्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण मागच्या वर्षी दोन गावांत गाड्या फिरल्या होत्या. चुंबकाची गादी, चुंबकाचं कडं, चुंबकाचं पाणी यांचा या उपचाराशी काहीएक संबंध नाही. गादीतलं चुंबक जागेवर पडून असतं. थांबलेल्या चाकाचा डायनॅमो दिवा लावतो का? नाही ना? मग तसंच.

आता मुद्द्याचं. हे लागू पडतं हे कशावरून ठरवायचं?

कुणी म्हणेल, अमकीला बरं वाटलं, एवढं पुरे की. पण आपण शेतकरी बायका आहोत. नवीन खत आलं, टाकलं, पीक जोमात आलं. खतामुळे आलं की त्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून? कळायचं कसं? शेजारी तसाच एक तुकडा बिनखताचा ठेवला असेल तरच कळेल. औषधाचंही तेच. आणि माणसांच्या बाबतीत एक अडचण जास्त आहे. उदास बाईला रोज कुणीतरी घराबाहेर काढतं, दवाखान्यात नेतं, तिथली नर्स ‘आज कसं वाटतंय’ म्हणून विचारते, आता बरं होणार अशी आशा वाटते, यानेच थोडं बरं वाटायला लागतं. मग चुंबकाने किती केलं आणि या विचारपुशीने किती केलं?

म्हणून संशोधक काय करतात? भिशीत चिठ्ठ्या टाकतो तशा चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट पाडतात. एका गटाला खरं यंत्र. दुसऱ्याला लटकं यंत्र. तोच आवाज, तीच खुर्ची, डोक्यावर तशीच टकटक, पण आत चुंबकाचा मारा नाही. आपल्याला कोणतं मिळालं हे रुग्णाला सांगत नाहीत, आणि बरं वाटलं का हे तपासणाऱ्यालाही माहीत नसतं. शेवटी दोन गटांतला फरक मोजतात. जो फरक उरतो तेवढीच चुंबकाची कमाई. बाकी श्रेय आशेचं आणि विचारपुशीचं.

आता आकडे सांगते. घाबरू नका, कर्जाचं व्याज काढणाऱ्या बायका तुम्ही, हे तुम्हाला जड नाही.

पहिली मोठी चाचणी २००७ साली छापून आली. ३०१ माणसं होती, सगळी अशी की ज्यांना गोळ्यांनी गुण आला नव्हता. खऱ्या यंत्राचा गट जास्त सुधारला, पण जो मुख्य आकडा आधी ठरवला होता, त्यावर पुरावा अगदी थोडक्यात कमी पडला. इतर मोजमापांत फरक दिसला. त्यावरून २००८ साली अमेरिकेच्या औषध-खात्याने उदासीनतेसाठी या यंत्राला परवानगी दिली. ही चाचणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाली होती. म्हणून लगेच खोटी म्हणायची नाही, पण लक्षात ठेवायचं. बियाण्याच्या कंपनीने स्वतःच्या बियाण्याचं पीक दाखवलं तर आपण बांधावर उभं राहून दुसऱ्यालाही विचारतोच की.

तो दुसरा म्हणजे २०१० ची चाचणी. ही अमेरिकेतल्या सरकारी पैशातून झाली, १९० माणसांवर. निकाल नीट ऐका. खऱ्या यंत्राने १०० पैकी १४ जण पूर्ण बरे झाले. लटक्या यंत्राने ५ जण. म्हणजे चुंबकाची कमाई शंभरात नऊ. काही जणींचे चेहरे पडले, दिसतंय मला! पण ही माणसं अशी होती की गोळ्या घेऊनही त्यांचा आजार हटला नव्हता. अशांतले शंभरात नऊ जास्त बरे होणं ही किरकोळ गोष्ट नाही. मात्र ‘हमखास गुण’ अशी पाटी लावण्यासारखीही नाही.

आणि मग २०१८ ची चाचणी, जी जाहिरातीत कधीच दिसणार नाही. अमेरिकेतल्या १६४ माजी सैनिकांवर झाली. खऱ्या यंत्राने शंभरात ४१ बरे झाले, लटक्याने ३७. फरक जवळजवळ नाहीच. पण पुन्हा बघा, दोन्ही गटांत बरेच लोक सुधारले! रोज येणं, काळजीने विचारणं, बरोबरीची माणसं भेटणं याचा हा जोर. मला तर या चाचणीतून आपल्या गटांसाठी जास्त शिकायला मिळालं.

त्याच वर्षी कॅनडातून एक कामाची बातमी आली. आधी एक बैठक साडेसदतीस मिनिटांची असायची. तिथे ४१४ लोकांवर तपासलं की वेगळ्या लयीत फक्त तीन मिनिटं चुंबक दिलं तर? निकाल सारखाच. एकीकडे शंभरात ४९ जणांचा त्रास निम्म्याने कमी झाला, दुसरीकडे ४७. इथे लटका गट नव्हता, त्यामुळे चुंबकाची कमाई यातून कळत नाही. पण एवढं कळतं की लांब बैठकीपेक्षा छोटी बैठक कमी पडत नाही. मग त्याच खुर्चीत दिवसभरात कितीतरी जास्त माणसं बसू शकतात, आणि दर खाली यायला हवा. दवाखान्यात हा प्रश्न जरूर विचारा, तीन मिनिटांची पद्धत आहे का?

मोबाईलवर जो व्हिडिओ फिरतो, ‘पाच दिवसांत उदासीनता गायब’, तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कामावरचा आहे. काम खरं आहे. रोज दहा वेळा, असं पाच दिवस. खऱ्या गटातले १४ पैकी ११ पुढच्या चार आठवड्यांत कधी ना कधी पूर्ण बरे झाले, लटक्या गटातले १५ पैकी २. आकडा मोठा आहे, पण माणसं किती? सगळी मिळून २९. आपल्या दोन-तीन गटांएवढी. एवढ्यावर मी तरी ९० हजार लावणार नाही. एमआरआय काढून मेंदूतली जागा फार बारकाईने शोधली तर जास्त फायदा होतो का, हे इंग्लंडमध्ये २५५ लोकांवर तपासलं, निकाल २०२४ साली आला. फायदा जास्त झाला नाही. तेव्हा ‘खास मॅपिंग’चे वेगळे पैसे कुणी मागितले तर हे आठवा.

आता सगळ्यात उपयोगाची चाचणी. हॉलंडमध्ये ८९ लोकांवर झाली, तीही २०२४ चीच. या लोकांना निदान दोन गोळ्यांनी गुण आला नव्हता. डॉक्टरपुढे नेहमीचा प्रश्न उभा असतो, आता तिसरी गोळी द्यायची की चुंबक? चुंबकाच्या गटात शंभरात सुमारे ३७ जणांचा त्रास निम्म्याहून कमी झाला, गोळी बदललेल्या गटात सुमारे १५. पूर्ण बरे झाले ते २७ आणि ५. दोन्ही गटांना बोलण्याचा उपचारही चालू होता. म्हणजे दोन गोळ्या नीट घेऊनही उपयोग झाला नसेल, तर गोळ्यांमागून गोळ्या बदलत बसण्यापेक्षा चुंबक बरं. चाचणी लहान आहे, पण प्रश्न अगदी आपल्या घरातला आहे.

आणि ‘नीट घेऊन’ या शब्दावर मी आता थांबते. त्या ताईंच्या सुनेची फाईल मी बघितली. तिला एकच गोळी लिहून दिली होती. तिने ती पंधरा दिवस घेतली. शेजारणीने सांगितलं, या गोळ्यांची सवय लागते, मग बंद केली. मैत्रिणींनो, उदासीनतेच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. योग्य मात्रेत सहा-आठ आठवडे घेतल्याशिवाय ‘गोळी लागू पडली नाही’ असं म्हणताच येत नाही. पेरून पंधरा दिवसांत कणीस नाही आलं म्हणून रान नांगरायचं का? आणि या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. मात्र मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, चक्कर येते, जीव घाबरा होतो. डॉक्टरच हळूहळू कमी करतात. म्हणजे बघा, ज्या माणसांवर चुंबकाच्या चाचण्या झाल्या, त्यांत ही मुलगी अजून बसतच नाही.

दुसरं, तिच्याशी बसून कुणी बोललं का? औषधासारखा बोलण्याचाही उपचार असतो, आणि त्याची चाचणी लांब नाही, इथे आपल्या शेजारी गोव्यात झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत. ४९५ लोक होते, तीव्र उदासीनतेचे. निम्म्या लोकांना नेहमीची सेवा. निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटी. भेटणारे डॉक्टर नव्हते, तिथलीच शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. काय करायचे? माणसाला जे जे सुटलं आहे, अंगणात बसणं, बहिणीला फोन, भाजीचा वाफा, त्यातलं एकेक पुन्हा सुरू करायला मदत करायचे. तीन महिन्यांनी या गटात शंभरात ६४ लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या सेवेत ३९. हा निकाल २०१७ साली आला.

आता कुणी ६४ आणि १४ शेजारी ठेवून म्हणेल की बोलणं चुंबकापेक्षा भारी. तसं करू नका. गोव्यातली माणसं पहिल्यांदाच उपचार घेणारी अशी बरीच होती, चुंबकाच्या चाचणीतली माणसं गोळ्यांना दाद न देणारी होती. काळ्या रानाचं आणि मुरमाचं उत्पन्न एका तराजूत तोलत नाहीत. माझा मुद्दा क्रमाचा आहे. जे स्वस्त आहे, जवळ आहे आणि पुराव्याने सिद्ध आहे, ते आधी.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही असं काम झालं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलणं सुरू केलं, तर दीड वर्षात उपचार घेणारे उदासीन लोक शंभरात चारावरून सत्तावीसपर्यंत गेले. आणि देशाचा हिशोब? २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत उदासीनतेच्या शंभर रुग्णांतले सुमारे ८५ कोणताच उपचार घेत नव्हते. चुंबकाची गोष्ट तर फार पुढची.

हिशोबाचं बोलू. ९० हजार हा बैठकांचा खर्च. रोज दोघींनी जायचं, ३० दिवस. एसटीचं अर्धं तिकीट धरलं तरी प्रवास, वर दोघींची मजुरी बुडते. तीनशे रोज धरला तर १८ हजार तिथेच गेले. दरमहा एक टक्का व्याज धरलं तरी पहिल्या महिन्याला ९०० रुपये नुसतं व्याज. आणि गुण आला तरी तो कायमचा राहतोच असं नाही, बऱ्याच जणांना वर्षभरात पुन्हा त्रास होतो, पुन्हा काही बैठका लागतात. हे आधी कुणी सांगितलं होतं का, विचारलं मी. नव्हतं सांगितलं.

कर्ज द्यायचं की नाही हे तुमच्या गटाने ठरवायचं, मी त्यात पडणार नाही. पण त्या ताईंना मी सांगितलंय की पुढच्या आठवड्यात सुनेला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात या. तिथे तपासणी आणि गोळ्या मिळतात. आठ आठवडे गोळ्या नीट होतील, मी फोन करत राहीन, आपल्या सीआरपी ताई आठवड्यातून एकदा घरी जातील. दोन गोळ्यांनी काहीच झालं नाही तर मी स्वतः चौकशी करीन की कोणत्या सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे यंत्र आहे. योजनेच्या कार्डावर ते बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला लेखी विचारू. तेव्हा गटाकडे पैसे मागायची वेळ आली तर मी ‘द्या’ म्हणेन.

आता तुमच्या चिठ्ठ्या आल्यात, त्या घेते.

‘हा शॉकच आहे का?’ नाही. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम झटका आणतात. चुंबकात झटका आणायचा नसतो, माणूस जागा असतो, स्वतः चालत घरी येतो. पण शॉकला नावं ठेवू नका. ज्या बाईने अन्नपाणी सोडलंय, जिला भास होतात, जी जीव द्यायच्या गोष्टी करते, तिला चुंबकापेक्षा शॉकचा गुण जास्त आणि लवकर येतो. बिनभुलीचा शॉक देण्यावर २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, ते सिनेमातलं विसरा.

‘काही अपाय?’ डोकं दुखतं, जागा हुळहुळते, हे बऱ्याच जणींना होतं आणि काही दिवसांत कमी होतं. फिट येण्याचा धोका आहे, पण हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी. म्हणून ज्यांना फिट येतात, ज्यांच्या डोक्यात ऑपरेशनचा धातू आहे, कानात ऐकण्याचं यंत्र बसवलंय किंवा हृदयाला पेसमेकर आहे, त्यांनी हे पहिल्या भेटीतच सांगायचं. आवाजासाठी कानात बोळे घालायचे.

‘नवऱ्याची दारू सुटते का?’ ही चिठ्ठी चार जणींनी लिहिलीय! सिगारेटसाठी एक मोठी चाचणी झाली, २६२ लोकांची. खऱ्या यंत्राने शंभरात १९ जणांनी सिगारेट सोडली, लटक्याने ९. तीही सोडायची इच्छा असलेल्यांची. दारूसाठी एवढा भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही, आणि मशेरीवर तर कुणी तपासलेलं मला माहीत नाही. मंत्रचळेपणाच्या आजाराला, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं, पुन्हा पुन्हा कडी बघणं, त्याला मात्र उपयोग दिसलाय. ९९ लोकांच्या चाचणीत शंभरात ३८ विरुद्ध ११.

‘माझा मुलगा जन्मापासून मंद आहे, त्याला चुंबकाने बुद्धी येईल असं सांगितलं.’ ताई, त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. सभा झाल्यावर मला भेटा, त्याच्या प्रमाणपत्राचं आणि शाळेचं बोलू.

शेवटची चिठ्ठी, ‘रात्री कुणी जीव द्यायचं बोललं तर तेव्हा काय करायचं?’ तिला एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध, दोर, घरातल्या गोळ्या नजरेआड करायच्या. आणि १४४१६ ला फोन लावायचा. सरकारचा टेली-मानस नंबर आहे, दिवस-रात्र चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. तेवढ्याने भागत नसेल तर १०८ ची गाडी बोलवून जवळचं रुग्णालय. हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये टाका. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी मी चिठ्ठ्यांवर लिहून आणलाय, जाताना दाराजवळून घ्या.